आधी वाच्यार्थ, मग बाकीचं: नागपुरात राहून लाक्षणिक अर्थ वाचायला कसं शिकावं

'कवीला यातून काय म्हणायचं आहे?' हा प्रश्न शाळेत इतक्यांदा विचारला जातो की मनात एक समजूत घट्ट बसते. कवीला सरळ सांगता आलं असतं, पण त्याने मुद्दाम दडवून ठेवलं, आणि आता आपण ते हुडकून काढायचं. मग माणूस शब्दांकडे न बघता थेट 'आतलं' शोधायला लागतो. काळा रंग दिसला की दुःख, पक्षी दिसला की आत्मा, नदी दिसली की जीवन. असं वाचन पाच मिनिटांत आटोपतं आणि हाती काही राहत नाही.

इथे दिलेली रीत उलटी आहे. जो वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, नीट पाहतो त्यालाच पुढचा अर्थ सापडतो, आणि जो तो पाहत नाही तो नुसत्या कल्पना लढवतो. उदाहरणं मुद्दाम नागपूर आणि रामटेकची घेतली आहेत, म्हणजे उठून जाऊन ताडून बघता येतील. सोबत एक वही ठेवा. मोबाईलमध्ये टिपून ठेवलेलं पुन्हा कोणी उघडत नाही.

पायरी १ : समोर जे आहे तेच लिहा

सुरुवात झिरो माईलपासून करा. दगडी खांब आणि चार घोडे सगळ्यांनाच माहीत आहेत. पण तिथे उभं राहून कोरलेला मजकूर वाचणारे थोडे. हा दगड त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ सालचा, आणि त्यावरचा आकडा उंचीचा आहे: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. म्हणजे दगडाचं मूळ काम इथली उंची पक्की नोंदवून ठेवण्याचं.

आता कोणत्याही नागपूरकराला विचारा, हा दगड काय सांगतो? 'आपण भारताच्या मधोमध आहोत.' हा अर्थ कोरलेल्या मजकुरात नाही, लोकांनी तो दगडावर चढवला आहे. चढवलेला अर्थ खोटा म्हणून फेकून द्यायचा नसतो, शहराच्या मनात आज तोच जास्त वावरतो. फक्त वहीत दोन रकाने हवेत. डावीकडे 'दगड काय म्हणतो', उजवीकडे 'लोक काय म्हणतात'. हे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे राहिले तर निम्मं काम झालं.

कवितेलाही हेच लागू. पहिल्या वाचनात एकही अर्थ लावू नका. कोण बोलतंय, कोणाशी, कोणत्या वेळी, काय घडतं, एवढंच गद्यात चार ओळींत लिहा. कंटाळवाणं वाटेल, तरी लिहा.

पायरी २ : गाडी कुठे अडते ते शोधा

आपल्या काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा म्हणजे सरळ अर्थ, लक्षणा म्हणजे सरळ अर्थ अडला की घ्यावा लागणारा दुसरा अर्थ, आणि व्यंजना म्हणजे नुसता सुचणारा अर्थ. मराठी घेतलेल्यांनी हे पाठ केलेलं असतं, पण वापरून पाहिलेलं नसतं. लक्षणेसाठी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात तीन अटी घातल्या. मूळ अर्थ जुळत नाही, मूळ अर्थाशी नव्या अर्थाचं काही नातं आहे, आणि त्यामागे एक तर रूढी आहे किंवा काही प्रयोजन. त्याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे: 'गंगेवर गवळीवाडा'. वाडा पाण्यावर कसा असेल? म्हणजे काठावर.

आपण रोज हेच बोलतो. 'ते फुटाळ्यावर राहतात.' तलावावर कोणी राहत नाही, पण ऐकणारा अडतही नाही, कारण ही रूढी झाली. आता बिल्डरच्या फलकावर 'तलावावर घर' असं वाचा. शब्द जवळपास तेच, पण इथे प्रयोजन आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या माणसाला गारवा विकायचा आहे. 'तलावाच्या काठावर' लिहिलं असतं तर डास आठवले असते. गंगेच्या उदाहरणातही जाणकार हेच सांगत आले: 'गंगेवर' म्हटल्याने गंगेचा शीतलपणा आणि पावित्र्य वाड्याला चिकटतं. जाहिरात लिहिणाऱ्याला मम्मट ठाऊक नसेल, पण त्याने तिसरी अट बरोब्बर पाळली.

अडण्याची जागा कधीकधी कवी स्वतःच दाखवतो. त्यासाठी रामटेकला जावं लागेल. कालिदासाच्या मेघदूतातला, ढगाकरवी बायकोला निरोप धाडणारा शापित यक्ष ज्या रामगिरीवर वर्ष काढतो ती जागा रामटेकच, असं नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. गडाजवळ कालिदासाचं स्मारक आहे आणि रामटेकला त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे. तिथे बसून पाचवा श्लोक काढा. मराठीत भाषांतरं भरपूर आहेत, कोणतंही चालेल.

त्या श्लोकात कालिदास स्वतःच यक्षाची उलटतपासणी घेतो. ढग म्हणजे काय? धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा गोळा. निरोप कोणी न्यायचा? ज्याची इंद्रियं शाबूत आहेत अशा जिवंत प्राण्याने. मग ढगाला निरोप सांगणं शुद्ध वेडेपणा झाला. पुढे कवीच उत्तर देतो: विरहाने व्याकुळ झालेल्यांना सजीव काय आणि निर्जीव काय, हे कळेनासं होतं.

इथे थोडं थांबा, कारण या एका श्लोकात पुष्कळ शिकण्यासारखं आहे. वाच्यार्थ मोडतो हे कवीला माहीत आहे आणि वाचकालाही ते माहीत असावं असं त्याला वाटतं. 'ढग दूत झाला' ही कल्पना गोड म्हणून आलेली नाही. ढगाला दूत मानणाऱ्या माणसाची अवस्था काय झाली असेल, हे तिच्यातून दिसतं. म्हणजे रूपक ढगाबद्दल जितकं सांगतं त्याहून जास्त बोलणाऱ्याबद्दल सांगतं. वहीत आणखी एक प्रश्न कायमचा लिहून ठेवा: हे असं म्हणण्याची पाळी बोलणाऱ्यावर का आली?

पायरी ३ : नातं कोणतं, साम्याचं की शेजाराचं

वाच्यार्थ अडला की पुढचा प्रश्न: या वस्तूवरून त्या वस्तूवर उडी कशी मारली? ढोबळमानाने दोन वाटा आहेत.

पहिली शेजाराची, म्हणजे संबंधाची. डिसेंबरात 'सरकार नागपुरात आलं' म्हणतात तेव्हा मंत्री, आमदार, अधिकारी आणि फायलींचे गठ्ठे अधिवेशनासाठी आलेले असतात. दिल्लीचे पत्रकार 'नागपूरला काय वाटतं?' असं लिहितात तेव्हा त्यांना संघाचं मुख्यालय म्हणायचं असतं, इतवारीतल्या किराणा दुकानदाराचं मत त्यांनी विचारलेलं नसतं. गावाचं नाव संस्थेसाठी, इमारतीचं नाव माणसांसाठी. इथे साम्य शोधत बसलात तर फसाल, नागपूर आणि संघ एकमेकांसारखे दिसत नाहीत.

दुसरी वाट साम्याची. 'तो बैल आहे.' जुन्या ग्रंथांतही अगदी हेच उदाहरण आहे, माणसाला बैल म्हटल्याचं. पण बैलाचा नेमका कोणता गुण उचलला? शिवी म्हणून 'बैल' म्हटलं की मंदपणा. 'नंदीबैलासारखी मान डोलावतो' म्हटलं की होयबा. 'बैलासारखा राबतो' म्हटलं की कष्ट, आणि त्यात कीव किंवा आदरही. वर्षभर ज्याच्या नावाने शिव्या दिल्या त्याच बैलाला पोळ्याच्या दिवशी रंगवून, झूल घालून, पुरणपोळी भरवतात. दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात.

म्हणून 'बैल म्हणजे अमुक' असा प्रतीकांचा तयार कोश उपयोगाचा नाही. बैलात पन्नास गुण आहेत, त्यातला कोणता उचलला हे वाक्याभोवतीची माणसं आणि दिवस ठरवतात.

पायरी ४ : घासून गुळगुळीत झालेलं बाजूला काढा

घड्याळाचे काटे, डोंगराचा पायथा, खुर्चीचे पाय, भाव कोसळले, पारा चढला. ही सगळी कधीकाळची रूपकं, आता नुसते शब्द. यात खोल अर्थ शोधू नका. मात्र एखाद्या कवीने मेलेलं रूपक पुन्हा जिवंत केलं, म्हणजे पारा चढलाय आणि पुढच्या ओळीत काचेची नळी फुटली, तर तिथे नक्की थांबा.

पायरी ५ : कोण, कोणाला, कुठे

व्यंजना म्हणजे तिसरी शक्ती. इथे वाच्यार्थ मोडतच नाही. वाक्य अगदी सरळ, बरोबर आणि पूर्ण असतं, तरी त्यातून भलतंच काही ऐकू येतं.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस, चालू आहे. कोणीतरी म्हणतं, 'बाहेर ऊन फार आहे.' आईने बॅट उचललेल्या पोराला म्हटलं तर अर्थ 'बस घरी'. पाहुण्याने दुपारी दोनला, निघायच्या वेळी म्हटलं तर 'थोडं टेकू का?' यजमानाने त्याच पाहुण्याला म्हटलं तर 'थांबा, काही घाई नाही'. मजुराने मुकादमाला म्हटलं तर 'काम संध्याकाळी करू'. घरमालकाला भाडेकरूने म्हटलं तर गच्चीवर शेड टाकण्याचा विषय निघतोय समजा. वाक्य एकच. वेधशाळेने म्हटलं तर मात्र फक्त ऊन.

घरात बसून करायचा सराव हा. दिवसभरात ऐकलेली अशी तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येकापुढे बोलणारा, ऐकणारा आणि तिथे उभा असलेला तिसरा माणूस नोंदवा. तिसऱ्याला विसरू नका. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण तेवढ्यासाठीच आहे: बोलणं एकीला, निशाणा दुसरीवर.

याचा सर्वात चपखल जुना नमुना आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातला, हालाच्या गाथासप्तशतीतला आहे. गोदावरीकाठच्या झुडपांत एक बाई प्रियकराला भेटते. तिथे एक धार्मिक गृहस्थ फुलं तोडायला येऊ लागतो. त्याला कुत्र्याची भीती. बाई त्याला म्हणते, महाराज, आता निर्धास्त फिरा, तो कुत्रा आज मेला, गोदाकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहाने त्याला मारलं. शब्द म्हणतात 'या', अर्थ म्हणतो 'पुन्हा पाऊल टाकू नका'. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांतून सुचणाऱ्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना ही गाथा उदाहरण म्हणून घेतली. वाच्यार्थ होकाराचा आणि ध्वनी नकाराचा, असा सरळ विरोध. गंमत अशी की तिच्या बोलण्यात एकही अलंकार नाही. परीक्षेत 'अलंकार ओळखा' विचारलं तर या गाथेला शून्य मार्क मिळतील.

पायरी ६ : चिठ्ठी लावलेलं आणि न लावलेलं वेगळं करा

यासाठी मारबतीसारखी शाळा दुसरी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारी-महाल भागात जागा धरून उभे राहा, उशीर केलात तर फक्त पाठी दिसतील. १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, त्यांची भेट होते, आणि शेवटी त्यांना जाळतात. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षीच्या त्रासांचे पुतळे.

वहीत आधी बडगे लिहा, ते सोपे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, कधी दूरच्या देशाच्या पुढाऱ्याचा. गळ्यात पाटी असते, पाटीवर सगळं लिहिलेलं असतं. हे चिठ्ठी लावलेलं रूपक. अर्थ एकदा कळला की संपला. त्यातली मजा पाटीवरच्या भाषेत आणि चेहऱ्याच्या बनवण्यात. पुढच्या वर्षी नवा बडग्या येतो, कारण जुन्याचा अर्थ त्या वर्षापुरताच होता.

मारबतीच्या गळ्यात तसं काही उलगडून सांगणारं नाही. काळीबद्दल भोसले घराण्यातल्या बाकाबाईंची गोष्ट सांगतात, इंग्रजांशी हातमिळवणी केल्याचा राग म्हणून हा पुतळा. कोणी तिला पूतना म्हणतं. कोणी म्हणतं, रोगराई. यातलं एकच खरं धरून बाकीचं पुसून टाकलं तर मारबत समजणार नाही. कारण जिला गावाबाहेर नेऊन जाळायचं तिचंच लोक आधी दर्शन घेतात. घोषणाही नीट ऐका. 'मर' किंवा 'जळ' असं कोणी म्हणत नाही. 'घेऊन जा गे' म्हणतात. 'गे' हे सलगीचं संबोधन, आणि विनंती आहे ओझं वाहून नेण्याची. ती स्वतः पीडा आहे, की आमची पीडा अंगावर घेऊन जाणारी आहे? दोन्ही. असं दोन्हीकडे ताणलेलं, पाटी नसलेलं जे असतं ते प्रतीक, आणि म्हणूनच ते दरवर्षी तेच राहूनही शिळं होत नाही.

दृष्टांत, म्हणजे मुद्दा पटवण्यासाठी सांगितलेली गोष्ट, या दोहोंच्या मधला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले, त्यांची मांडणी बघण्यासारखी आहे. आधी सूत्र, मग गोष्ट, मग दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लावायचं याचा खुलासा. आंधळे आणि हत्तीची गोष्ट तिथे अशीच येते. तेराव्या शतकातलं मराठी गद्य वाचकाला दोन रकाने आखूनच देत होतं.

पायरी ७ : दगडाला आणि विटांनाही हेच प्रश्न विचारा

इमारतीत शब्द नसतात, मग वाच्यार्थ कुठला? वस्तूचं नेहमीचं रूप आणि नेहमीचं काम, हाच तिचा वाच्यार्थ. त्यात बदल दिसला की गाडी अडली.

दीक्षाभूमीचा स्तूप घ्या. वास्तुरचना शिवदानमल यांची, उद्घाटन २००१ साली. घुमटाचा आकार सांचीची आठवण देतो. पण सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत जाता येत नाही, भोवती प्रदक्षिणा घालतात. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, आणि माणसं आत जातात. डाव्या रकान्यात एवढंच लिहा: सांची भरीव, हा पोकळ.

उजव्या रकान्यात माझं वाचन असं. जिथे प्रवेशच नाकारला गेला अशा देवळांबाहेर ज्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूने आत घेणं ही साधी सोय राहत नाही. हे वास्तुविशारदाचं म्हणणं आहे असं मी म्हणत नाही. आकाराने आणि इतिहासाने या वाचनाला जागा दिली आहे, इतकंच.

उलट, जागेच्या आणि दिवसाच्या निवडीबद्दल असं चाचपडावं लागत नाही. बाबासाहेबांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो १४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस होता, आणि अनुयायी त्याला अशोक विजयादशमी म्हणतात. नागपूरच का, यावर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्वतः खुलासा केला: इथे संघ आहे म्हणून नव्हे, तर बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी म्हणून. कर्त्याने स्वतः किल्ली दिली असेल तर ती आधी वापरा, मग आपली.

रामटेकच्या गडावरचा वराह बघताना अजून एक थर मिळतो. वाकाटक या विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या घराण्याच्या काळातली ही भली मोठी मूर्ती पूर्ण डुकराच्या रूपात आहे. कथेचा अर्थ सरळ: विष्णूने बुडालेली पृथ्वी वर काढली. पण वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि त्या चंद्रगुप्ताच्या काळात विदिशेजवळ उदयगिरीला वराहाचं प्रचंड शिल्प कोरलं गेलं. तिथल्या वराहात पृथ्वी सावरणारा राजा पाहणारे अभ्यासक आहेत. मग माहेरचा देव सासरच्या डोंगरावर येतो तेव्हा त्यात नुसती भक्ती आहे की सत्तेचं नातंही? वहीत प्रश्नचिन्हासकट लिहा.

पायरी ८ : थांबायचं कुठे

लाक्षणिक अर्थ काढण्याची चटक लागली की माणसाला पाणपोईतही ब्रह्म दिसायला लागतं. लगाम म्हणून तीन प्रश्न पुरतात. हा अर्थ कोणत्या शब्दावर, कोणत्या रेषेवर उभा आहे, बोट ठेवून दाखवता येईल का? बाकीचा मजकूर त्याला साथ देतो की आडवा येतो? आणि साधा अर्थ पुरत असताना हा हवाच का? तिन्हींवर टिकला तर ठेवा, एकावर गडगडला तर पेन्सिलने खोडा.

अश्वारूढ पुतळ्यांबद्दल एक 'नियम' सगळीकडे फिरतो: घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी होऊन गेला, दोन वर म्हणजे रणात पडला. पुतळे घडवणारे असा कुठला नियम पाळत नाहीत. कोणत्याही शहरातले चार पुतळे इतिहासाशी ताडून बघितले की हा नियम कोलमडतो.

आणि जिथे अर्थ हाती लागतच नाही तिथे? नागपूरच्या वाचकाला हा प्रश्न कवी ग्रेसांमुळे चांगला ओळखीचा आहे. खरं नाव माणिक गोडघाटे, १९३७ ते २०१२. दुर्बोध म्हणून नावाजले गेले आणि दुर्बोध म्हणून शिव्याही खाल्ल्या. अशा कवीची एक कविता घेऊन तिचा गद्य अर्थ पिळत बसू नका. एकाच संग्रहातल्या दहा-बारा कविता सलग वाचा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रतिमा फक्त मोजा. संध्याकाळ कोणासोबत येते, आई कुठे येते, पाऊस येतो तेव्हा अजून काय येतं. प्रतिमेचा अर्थ तिच्या शेजारणींकडून कळतो, आणि नाही कळला तरी आवाज कानात राहतो. तेवढ्यावरही समाधान मानायला हरकत नाही.

स्वतः लिहिताना

एका वाक्यात एकच चित्र. 'विकासाची गंगा रुळावरून घसरली' हे भाषणात खपतं, कागदावर हसं होतं. चित्र घेतलंत तर त्याचे पुढचे परिणाम झेपतील का ते बघा: गंगा म्हटलं की पूरही आला. आपण स्वतः पाहिलेल्या वस्तूंवरच उभे राहा. ज्याने समुद्र फक्त सुट्टीत पाहिलाय त्याने दुःखाच्या लाटांपेक्षा कूलरच्या कोरड्या पडलेल्या जाळ्यांकडे बघावं.

आणि संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने ज्या काव्यमार्गाला उत्तम गुणांचा मान दिला त्याचं नाव वैदर्भ, हे इथल्या लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. त्या मार्गाचा एक गुण म्हणजे प्रसाद: वाचताक्षणी अर्थ पोचावा. लाक्षणिक लिहायचं म्हणजे अवघड लिहायचं, हे खूळ विदर्भातून तरी आलेलं नाही. लिहून झालं की मजकूर शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो जिथे 'म्हणजे काय?' विचारेल तिथे खूण करा, आणि त्या जागेला पायरी आठमधले तिन्ही प्रश्न लावा.